धोक्यातली मत्स्यजात क्लबमध्ये सांभाळताना: कामांचा क्रम आणि नेहमीच्या चुका

मासे पाळणाऱ्या हौशी मंडळींच्या क्लबांत हा उपक्रम बहुतेक वेळा उलट्या टोकाने सुरू होतो. कुणीतरी एखाद्या दुर्मिळ माशाच्या दोन जोड्या मिळवतं, त्या पिल्लं देतात, पिल्लं बैठकीत वाटली जातात आणि सगळे खूश होतात. चार-पाच वर्षांनी चौकशी करावी, तर तीन टाक्या उरलेल्या असतात. त्यांतल्या दोन एकाच जोडीच्या वंशातल्या निघतात आणि तिसरीतला मासा मुळात कुठला, हे कुणालाच सांगता येत नाही.

पिल्लं काढणं हा यातला सोपा भाग आहे. लहान माशांना योग्य पाणी आणि जिवंत खाणं मिळालं की त्यांतले बरेचसे प्रजनन करतातच. अवघड असतं ते वंश शुद्ध ठेवणं, त्यातली विविधता टिकवणं आणि एखादा सदस्य गाव सोडून गेला तरी काम बंद न पडणं. म्हणून खालचा क्रम मोडू नका. पहिल्या चार टप्प्यांत घरात एकही मासा येत नाही, आणि ते तसंच असायला हवं.

१. आधी माणसं ठरवा

एका जातीसाठी कमीत कमी तीन घरं हवीत, पाच मिळाली तर उत्तम. प्रत्येक घराने त्या जातीसाठी दोन टाक्या कायमच्या राखून ठेवायच्या. 'सध्या रिकामी आहे' अशी टाकी यात धरू नका, ती सहा महिन्यांत भरते.

नोंदी ठेवणारी एकच व्यक्ती नेमा. तिच्याकडे ते मासे असलेच पाहिजेत असं नाही. उलट, क्लबमधल्या सर्वांत उत्साही पैदासकाराकडे हे काम देऊ नये असं माझं मत आहे. त्याचा जीव पिल्लांत असतो आणि वही मागे पडते.

प्रत्येक सदस्याकडून एक ओळ लिहून घ्या: मला जमेनासं झालं तर मासे कुणाकडे जातील. ते नाव आणि फोन नंबर घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी माहीत हवा. वंश रोगाने बुडतात त्याहून जास्त बदली, आजारपण, लग्न, घरदुरुस्ती अशा कारणांनी बुडतात.

सावध: एकाच घरातल्या दोन टाक्या एकाच प्लगवर आणि एकाच एअर पंपावर चालत असतील तर ती एकच टाकी समजा. दोन्ही एकाच रात्री जातील.

२. जात निवडा

आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेची लाल यादी (कोणती जात किती संकटात, हे सांगणारी) आणि हौशी लोकांसाठी असलेल्या केअर्स या कार्यक्रमाची प्राधान्ययादी, या दोन्ही पाहा. त्यानंतरचा प्रश्न यादीत मिळत नाही: आपल्या सदस्यांच्या नळाला कोणतं पाणी येतं? जड आणि अल्कधर्मी पाणी असलेल्या क्लबने काळ्या, आम्लधर्मी दलदलीतले पॅरोस्फ्रोमेनस हे चिमुकले मासे घेतले, तर वर्षभर आरओचं पाणी भरण्यातच उमेद संपते. जे पाणी आपोआप येतं त्यात जगणारी जात आधी घ्या.

पहिल्यांदा हे करणाऱ्या क्लबला मी मेक्सिकोतले गुडीड सुचवेन. ते पिल्लं देणारे मासे आहेत, आकाराने लहान, पाण्याबाबत फार नखरे नाहीत आणि त्यांच्या अनेक जाती खरोखर संकटात आहेत. आफ्रिकेतले किलीफिश (अंडी देणारे लहान मासे) हेही चांगले, पण तिथे सारख्या दिसणाऱ्या जाती वेगळ्या ओळखता याव्या लागतात. त्याचं कारण सातव्या टप्प्यात येईल. झेब्रा प्लेकोवर नजर असेल तर थांबा. ब्राझीलच्या झिंगू नदीतला हा मासा हळू वाढतो, एका वेळी मोजकीच अंडी देतो आणि किमतीमुळे चोरट्या व्यापाराने वेढलेला आहे.

तपासा: निवडलेला मासा पूर्ण वाढल्यावर केवढा होतो? किती वर्षं जगतो? अशा माशाचे वीस-वीस नग प्रत्येक घर ठेवू शकेल का? यातल्या एकाचंही उत्तर अडखळत आलं तर यादीतल्या पुढच्या जातीकडे वळा.

३. उगम आणि कागदपत्रं

दुकानातला मासा आणि संवर्धनाच्या कामाचा मासा दिसायला एकसारखे असतील, कामाला ते सारखे नाहीत. लाल शेपटीचा काळा शार्क (नावापुरताच शार्क, खरा गोड्या पाण्यातला कार्पच्या कुळातला मासा) हे ठळक उदाहरण. थायलंडच्या नद्यांत तो अतिसंकटग्रस्त आहे आणि त्याच वेळी मत्स्यशेतीतून ढिगाने येतो. त्या शेतीतल्या माशांचा नदीतल्या कोणत्या गटाशी काय संबंध, याची नोंद गिऱ्हाइकापर्यंत येत नाही. अशा माशाची कितीही पिल्लं काढली तरी तो छंदच राहतो.

म्हणून मासे देणाऱ्याकडून चार गोष्टी लेखी घ्या: शास्त्रीय नाव, मूळ ठिकाण, पकडल्याचं वर्ष किंवा संकलन-कोड (पकडणाऱ्याने त्या खेपेला दिलेली खूण), आणि त्यांच्याकडे हा वंश किती माशांपासून सुरू झाला. किलीफिशच्या जगात नावापुढे ठिकाण आणि कोड लिहायची शिस्त जुनी आहे. तीच सगळ्या जातींना लावा. ठिकाण कळत नसेल तर तिथे 'अज्ञात' लिहा. अंदाज लिहू नका, कारण दोन हात फिरल्यावर अंदाजाची माहिती होते.

कायद्याचं काम मासे येण्याआधी. आशियाई अरोवाना सायटिस या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे आणि झेब्रा प्लेको २०२२ च्या परिषदेत दुसऱ्या परिशिष्टात घेतला गेला. अशा माशांच्या सीमापार देवघेवीला परवाना लागतो, आणि मासा टाकीत जन्मलेला असला तरी नियम सुटत नाही. शिवाय ज्या देशात राहता तिथले वन्यजीव आणि मत्स्य विभागाचे नियम वेगळे असतात. संरक्षित मासा 'वाचवण्यासाठी' म्हणून नदीतून उचलणं हाही गुन्हा ठरू शकतो.

४. टाकी, पाणी आणि खाणं तयार ठेवा

टाकी साधी असावी: स्पंज फिल्टर, तरंगती वनस्पती, शेवाळाचे गठ्ठे, नर पाठलाग करू लागले की मादीला लपायला जागा. शोभेची मांडणी नको, कारण दगडांच्या खाचांत पिल्लं मोजता येत नाहीत आणि मेलेला मासा सापडत नाही.

नवी टाकी पक्व व्हायला, म्हणजे माशांची घाण पचवणारे जिवाणू तिच्यात रुजायला, चार ते सहा आठवडे लागतात. जुन्या, निरोगी टाकीतला स्पंज आणला तर काम लवकर होतं, मात्र त्याच्याबरोबर जुन्या टाकीतले रोगही येतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आल्याशिवाय मासे नाहीत. पाण्यात क्लोरामाइन असेल तर ते बादली रात्रभर उघडी ठेवून उडत नाही, क्लोरीन काढणारं औषध घालावंच लागतं.

हीटरबद्दल एक गोष्ट लोक विसरतात. हीटर बंद पडून मासे मरतात त्यापेक्षा तो चालू अवस्थेत अडकून मरण्याचा धोका मोठा. म्हणून गरजेपेक्षा मोठा हीटर घेऊ नका आणि जमल्यास बाहेरून वेगळा तापमान-नियंत्रक जोडा. उंच पठारावरच्या अनेक गुडीडांना तर हीटर लागतच नाही. वर्षभर २७-२८ अंशांत ठेवले की ते लवकर म्हातारे होतात.

पिल्लांना लागणाऱ्या बारीक जिवंत खाण्याची पैदासही आत्ताच सुरू करा: मायक्रोवर्म, व्हिनेगर ईल, डाफ्निया, आणि आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या जीवाची अंडी उबवण्याचा सराव. २५ ते २८ अंशांत आर्टेमिया २४ ते ३६ तासांत फुटतो. पिल्लं दिसल्यावर मायक्रोवर्म शोधायला निघालात, तर पहिली खेप हातची गेली.

तपासा: दोन आठवडे रोज आर्टेमिया उबवून पाहा. कंटाळा आला तर तो आत्ता कळलेला बरा.

५. मासे आणणं आणि विलगीकरण

लांबच्या प्रवासातून आलेल्या पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो. त्यामुळे पाण्याचा पीएच उतरतो आणि साठलेला अमोनिया कमी विषारी रूपात राहतो. पिशवी उघडताच वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया घातक होतो. बारीक नळीने थेंबथेंब पाणी सोडत दोन तास मासे त्याच पिशवीत ठेवायची पद्धत अशा वेळी उलटते. त्याऐवजी पाठवणाऱ्याच्या पाण्याचं तापमान, पीएच आणि टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) आधी विचारा, विलगीकरणाची टाकी त्याच्या जवळपास आणून ठेवा, पिशवी तरंगवून तापमान जुळवा आणि उघडल्यावर लगेच मासे हलवा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका.

विलगीकरण सहा आठवडे. टाकीची जाळी, नळी, बादली वेगळी. या काळात काय पाहायचं? गुदद्वारातून बाहेर डोकावणारे बारीक लाल धागे म्हणजे कॅमॅलॅनस जंत, त्यावर लेव्हामिसॉल चालतं. एका बाजूची कल्ल्याची झाकणी मिटून भराभर श्वास घेणारा मासा कल्ल्यातले कृमी दाखवतो, त्यावर प्राझिक्वांटेल. खात असूनही खंगत जाणारा, पाठ वाकडी झालेला मासा दिसला तर मत्स्यक्षयाचा संशय घ्या. त्यावर भरवशाचा इलाज नाही. तो मासा प्रजननात येऊ देऊ नका आणि त्याच्या टाकीतलं काहीही दुसरीकडे नेऊ नका.

सावध: मत्स्यक्षयाचे जिवाणू माणसाच्या त्वचेतही शिरतात. हाताला जखम असेल तर हातमोजे घातल्याशिवाय टाकीत हात घालू नये.

६. किती नर, किती माद्या

सर्वांत जास्त गडबड इथे होते, म्हणून इथे थोडं गणित.

टाकीत किती मासे आहेत याला फारसा अर्थ नाही. पुढच्या पिढीत किती माशांचा वाटा जातो, हे महत्त्वाचं. त्याची ढोबळ रीत अशी: नरांची संख्या गुणिले माद्यांची संख्या गुणिले चार, आणि त्याला एकूण माशांनी भागायचं. पाच नर आणि पाच माद्या असतील तर उत्तर १० येतं. एक नर आणि दहा माद्या असतील तर मासे अकरा, पण उत्तर फक्त ३.६. 'एक देखणा नर आणि भरपूर माद्या' ही पैदासकारांची लाडकी मांडणी संवर्धनाला घातक आहे, ती यामुळे.

हा आकडा लहान तसा दर पिढीला विविधतेचा ऱ्हास मोठा. आकडा ४ असेल तर दहा पिढ्यांनंतर मूळ विविधतेपैकी सव्वीस टक्के उरते. ५० असेल तर नव्वद टक्के. वर्षाला दोन पिढ्या देणाऱ्या माशात दहा पिढ्या म्हणजे पाच वर्षं, फार लांबची गोष्ट नाही.

एका घराला पन्नासचा आकडा गाठणं जड जातं, क्लबला जात नाही. आठ-दहा मासे ठेवणारी पाच-सहा घरं एकत्र धरली की गणित जमतं. अट एकच, घराघरांत देवघेव चालू राहिली पाहिजे. ती नवव्या टप्प्यात.

दुसरी युक्ती फुकटची आहे. प्रत्येक मादीची पिल्लं सारख्याच संख्येने पुढे ठेवायची. एका मादीने ऐंशी पिल्लं दिली आणि दुसरीने बारा, तर दोघींची दहा-दहाच पुढच्या पिढीला. एवढ्याने वरचा आकडा जवळजवळ दुप्पट होतो. उरलेली सत्तर शोभेच्या टाकीत जाऊ देत, त्यांच्यावर 'संवर्धन वंश' असं लेबल मात्र नको.

आणि निवड करू नका. रंगाने उठावदार, अंगाने भरलेला, लवकर वाढलेला मासा बाजूला काढायची सवय हाडात मुरलेली असते. जाळी घातल्यावर पहिला सापडणारा मासाही एक प्रकारची निवडच. तो माणसाला बुजत नाही म्हणून सापडला, नदीत अशाचं काही खरं नसतं. मी पिल्लं अशी उचलतो: दिवा बंद करायचा, मोठा पेला टाकीच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत बुडवायचा, आत येतील ती पिल्लं मोजायची आणि ठरलेली संख्या भरेपर्यंत हेच. व्यंग असलेली तेवढी वगळायची.

७. संकर टाळा

एकाच गणातल्या दोन जाती, किंवा एकाच जातीचे दोन ठिकाणांहून आलेले गट, कधीही एका टाकीत नकोत. 'फक्त माद्या ठेवल्यात' ही सबब चालत नाही. अनेक अफायोसेमिऑन किलीफिशांच्या माद्या शेजारी ठेवल्या तर जाणकारालाही ओळखू येत नाहीत. एकदा मिसळल्या की त्या सगळ्या कामातून गेल्या.

पिल्लं देणाऱ्या माशांत आणखी एक अडचण आहे. गप्पी, प्लॅटी, स्वोर्डटेल यांच्या कुळातली मादी नराचं वीर्य काही महिने साठवते. मिश्र टाकीतून आलेली मादी एकटी ठेवली तरी पुढच्या कित्येक खेपा कुणाच्या, हे सांगता येत नाही. म्हणून या कुळात जन्मापासून वेगळ्या वाढलेल्या माद्याच घ्या. गुडीडांत हा त्रास नाही, त्यांच्या माद्या वीर्य साठवत नाहीत. सुरुवातीला ते सुचवण्याचं हेही एक कारण.

अंडी देणाऱ्या माशांत संकर जाळीतून, शेवाळातून आणि मॉपमधून (अंडी घालायला टाकीत सोडलेला लोकरीचा झुबका) येतो. मॉपमध्ये दडलेली दोन-चार अंडी दिसत नाहीत. एका वंशाचा मॉप दुसऱ्याला वापरायचा तर आधी खळखळ उकळा. शेवाळ उकळता येत नाही, म्हणून ते एका टाकीतून दुसऱ्या टाकीत नेऊच नका.

तपासा: टाकीत अनोळखी पिल्लू दिसलं? तर ते वेगळं काढून वाढू देत बसू नका. त्या टाकीतली पुढची देवघेव थांबवा आणि नोंदप्रमुखाला कळवा.

८. लेबल आणि वही

लेबल टाकीच्या झाकणावर चिकटवू नका. साफसफाईत झाकणं अदलाबदल होतात आणि दोन वंशांची नावं बदलतात. मार्करने चिकटपट्टीवर लिहिलेलं दिव्याखाली फिकट होतं. पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्टीवर शिसपेन्सिलीने लिहिलेलं टिकतं, ते पाण्यानेही जात नाही. ही पट्टी माशांची, टाकीची नव्हे. मासे दुसऱ्या टाकीत गेले की पट्टी त्यांच्याबरोबर जाते.

वहीत फार नको. वंशाचं पूर्ण नाव आणि कोड, आल्याची तारीख, कुणाकडून, नर-माद्यांची संख्या, प्रत्येक खेपेची तारीख आणि आई कोणती, किती पुढे ठेवली, किती कुणाला दिली, किती मेली आणि कशाने. पाण्याचे आकडे महिन्यातून एकदा पुरतात. रोज सतरा रकाने भरायला लावणारी वही तिसऱ्या महिन्यात बंद पडते.

दर तीन महिन्यांनी नोंदप्रमुखाने सगळ्यांकडून एकच तक्ता मागवावा. ज्याचा तक्ता दोनदा आला नाही, त्याच्या घरी जाऊन यावं. फोनवर 'सगळं ठीक आहे' असंच ऐकू येतं.

९. वाटप आणि देवघेव

पहिली पिल्लं वाढली की ती लगेच दुसऱ्या घरी पाठवा. 'थोडी संख्या वाढू दे' म्हणत थांबण्यात अनेक वंश संपले. दुसऱ्या घरी सहा मासे पोचले तर पहिल्या घरचा अपघात हा फक्त अपघात राहतो. हंगामी डबक्यांतले नोथोब्रँकियस किलीफिश असतील तर हे आणखी सोपं. त्यांची अंडी ओलसर पीटमध्ये आठवडे ते महिने टिकतात आणि लहान पाकिटातून जातात, फक्त पाकिटावर तारीख आणि कोड विसरू नये.

त्यानंतर दर पिढीला प्रत्येक घराने एक-दोन मासे दुसऱ्या घराला द्यायचे. कुणी कुणाला, हे नोंदप्रमुख ठरवेल आणि ते गोल फिरत राहील. दोन मित्रांनी आपसांत बदलत राहणं म्हणजे देवघेव नव्हे. आणि आलेला प्रत्येक मासा, जवळच्या मित्राकडचा असला तरी, विलगीकरणातूनच जाईल.

विक्रीबद्दल: जादा मासे विकून खर्च निघत असेल तर गैर काही नाही, कायद्याची आडकाठी नसेल तेवढं पाहा. फक्त वंशातला शेवटचा राखीव गट विकायचा नाही, भाव कितीही येवो.

१०. नदीत सोडण्याचा प्रश्न

सोडू नका. टाकीतले रोग नदीत जातात, टाकीत अनेक पिढ्या वाढलेला मासा शिकारी ओळखत नाही आणि तिथे तग धरून राहिलेल्या गटात चुकीचा वंश मिसळू शकतो.

पुनर्वसन होतं, पण वेगळ्या वाटेने. मेक्सिकोतल्या तेउचित्लान नदीतून नाहीसा झालेला टेकीला स्प्लिटफिन हा गुडीड परत आला, त्यात हौशी लोकांनी सांभाळलेल्या वंशाचा वाटा होता. १९९८ मध्ये इंग्लंडमधल्या चेस्टर प्राणिसंग्रहालयाकडून मेक्सिकोतल्या मिचोआकान विद्यापीठाला पाच जोड्या मिळाल्या. तिथल्या शास्त्रज्ञांनी संख्या वाढवली, मग मासे आधी कृत्रिम तळ्यांत ठेवले, जेणेकरून शिकारी, परजीवी आणि कमीजास्त अन्न यांची सवय व्हावी, आणि त्यानंतरच ते नदीत गेले. मासे सोडले ते विद्यापीठाने. क्लबचं काम त्या पाच जोड्या नोंदींसह तयार असण्याचं.

एखाद्या संस्थेने मासे मागितले तर ती पहिला प्रश्न उगमाचा आणि दुसरा मूळ माशांच्या संख्येचा विचारेल. वही दाखवता आली पाहिजे.

११. वंश संपत आला तर

कधी कधी सगळं करूनही उरतात चार म्हातारे नर. अशा वेळी जवळच्या जातीची मादी घालून 'निदान रक्त तरी टिकेल' असं करू नका, त्यातून जो मासा होतो तो कुठलाच नसतो. इतर देशांतल्या क्लबांना आणि प्राणिसंग्रहालयांना कोडसकट विचारणा करा. तोच वंश दुसऱ्या कुणाकडे जिवंत असण्याची शक्यता असते.

मेलेला मासा फेकू नका. ताजा असतानाच पर कापून, किंवा मासा लहान असेल तर पूर्ण, ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेवा. पुढे कुणाला डीएनए तपासायचा झाला तर तो यातून मिळतो. बाटलीच्या आत कागदाची चिठ्ठी टाका आणि तीही शिसपेन्सिलीने लिहा, कारण पेनाची शाई इथेनॉलमध्ये विरघळते. चिठ्ठीवर कोड, तारीख आणि घर. बाटली नोंदप्रमुखाकडे द्या आणि वहीत त्या माशापुढे बाटलीचा क्रमांक टाका.